थाळी पुढे गेली तेव्हा

मामा, तुमच्या शवपेटीला खांदा देणारी माणसं निवडायचं काम माझ्याकडे आलं, तिथेच घोळ झाला. माणसं निवडण्याचं काम मला आजवर कुणी दिलेलं नाही, आणि का दिलेलं नाही हे त्या दुपारी गावाला कळलं. आपल्या येशूच्या देवळाच्या दारातून पेटी उचलली तर तुमच्या पायाकडची एक बाजू खाली गेली, कारण तिथे आमचे साडूभाऊ होते आणि त्यांची उंची तुम्हाला ठाऊक आहे. शेजारच्या बाजूला मी, नुसताच वाढलेला. पेटी अशी कलली की आतून तुम्हीच 'अरे बराबर धरा' म्हणाल असं वाटायला लागलं. मी घाईघाईने आजूबाजूला पाहिलं. फाटकाजवळ लिंबाखाली एक उंच म्हातारा एकटाच उभा होता. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, खांदे अजून सरळ. मी मोठ्याने हाक मारली, "ओ काका, इकडं या. तुम्ही बराबर उंचीचे आहात."

त्याने मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्या कुणाला बोलावतोय असं त्याला वाटलं असावं. मागे नुसती भिंत होती. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्याने नजरेनेच विचारलं, मी? मी म्हटलं, तुम्हीच, जल्दी या.

त्याने पिशवी लिंबाच्या बुडाशी ठेवली, चपला काढल्या आणि येऊन खांदा दिला. साडूभाऊ सुटले. पेटी सरळ झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. कब्रस्तानापर्यंतच्या वाटेवर लोकांचं गाणं मध्येच का तुटलं, पाळकसाहेब सारखे मागे वळून का बघतायत, यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, दुःख आहे, माणसं सूर विसरतात. तो म्हातारा पेटीच्या लाकडाला कान लावून चालत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू कमी येत असेल.

सगळ्यांची मूठमाती देऊन झाल्यावर शांताकाकू माझ्याजवळ आल्या. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. म्हणाल्या, "जावईबापू, साऱ्या गावात तुम्हाला तोच खांदा सापडला?"

तो भास्कर होता. तुमचा चुलतभाऊ. तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाला, शांताकाकूंच्या नवऱ्याला, शेताच्या बांधावर कुदळीच्या एका घावात मारणारा भास्कर. मनोहरकाका गेले तेव्हा सुनीता शाळेत जाणारी पोर होती आणि मी या घराचा जावई व्हायला बराच अवकाश होता. भास्कर तुरुंगात गेला, शिक्षा भोगून सुटला आणि जाफराबादला लेकीकडे राहायला गेला. त्याचं नाव या घरात निघत नव्हतं, फोटो तर कुणी ठेवलाच नव्हता. मी ओळखणार कसा? हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कुणाचंच समाधान झालं नाही.

सुनीताने माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात बोलणं बंद होणं म्हणजे मी एकटाच बोलत राहणं, हे तुम्हाला माहीत आहे. ती 'वाढू का' एवढं विचारते आणि मी त्या दोन शब्दांवर अर्धा तास बोलतो. बियाण्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून पोट भरणारा माणूस मी, घरी येऊन थांबू कसा? पण या वेळी बोलता बोलता माझ्याच तोंडाला कोरड पडते. कारण जे बोलायला हवं ते मी बोलत नाही. तुम्ही माझ्यावर एक काम सोपवून गेलात. तुम्ही गेल्यावर सुनीताला सांगायची एक गोष्ट. आणि मी तर तिच्या बापाच्या पेटीखाली तिच्या काकाच्या मारेकऱ्याला उभं करून बसलो. आता कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून आधी तुमच्याशीच बोलतो. तुम्हाला माझं बोलणं आवडायचं. निदान तसं दाखवायचात. मी तिखटमीठ लावलेली कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की तुम्ही सुपारी कातरत खाली मान घालून म्हणायचात, "मंग?" त्या एका 'मंग'वर माझ्या कितीतरी थापा जगल्या. बदनापूरच्या स्टेशनावर मी चुकून दुसऱ्याच वऱ्हाडाबरोबर जेवलो, ती गोष्ट तुम्ही दरवर्षी नवी असल्यासारखी ऐकलीत. दरवर्षी त्यात एक पदार्थ वाढत गेला आणि तुम्ही एकदाही हरकत घेतली नाहीत.

एकाच गोष्टीला तुम्ही कधी 'मंग' म्हणाला नाहीत. भास्कर सुटून आला त्या सुमारास भावकीतली काही पोरं तर्र होऊन तुमच्या अंगणात आली होती. हुकूम द्या, म्हणत होती, आज हिशेब मिटवतो. तुम्ही दारात उभे राहून त्यांना म्हणालात, "त्याला हात लावायचा तर आदी मला लावा." पोरं गेली. ही गोष्ट मला सुनीताने सांगितली, आणि मी ती जालन्यात, नात्यात, लग्नाकार्यात इतक्या वेळा सांगितली की लोक मला ओळखू लागले ते या गोष्टीमुळे. क्षमा करणारा सासरा! तुमच्यासमोर सांगायला लागलो की तुम्ही अडकित्ता खाली ठेवून उठून जायचात. आम्हाला वाटायचं, किती निगर्वी माणूस. मी तर तुमचं उठून जाणंही गोष्टीत घातलं होतं, शेवटाला.

आणि तुमचा तो बांध. मनोहरकाकांचं रक्त ज्या ठिकाणी पडलं तिथून तुम्ही दरवर्षी नांगर थोडा आत घ्यायचात. पट्टा मोकळा राहायचा, त्यावर हरळी माजायची, बोराटी वाढायची. भास्करचं शेत पलीकडे त्याची लेक बटाईने देते. इकडे तुमचा बांध रुंद होत होत बैलगाडी जाईल एवढा झाला. मी म्हणायचो, मामा, हा बांध आहे की क्रिकेटचं मैदान, पुढच्या वर्षी शेजारच्या गावाशी सामना भरवू. तुम्ही म्हणायचात, गुरांना चारा होतो. गुरं तर कधीच विकली होती तुम्ही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं की नाही? नाही आलं. मी सामन्याच्या धावा मोजत होतो.

आपला वादही त्या बांधावरचाच. माणूस माणसाला का मारतो. रोज पेपरात एखादी तरी बातमी असायचीच. गाडी लावण्यावरून, मोबाइलवरून, लग्नातल्या नाचावरून. तुम्ही चष्मा काढून पेपर बाजूला ठेवायचात आणि म्हणायचात, "आदी कुणी विचारलं असंल का ह्याला?" मी कारणं सांगायचो. दारू, जमीन, बेकारी, डोक्यात घातलेला द्वेष. बियाण्याच्या दुकानातला माणूस पाऊस का पडला नाही याचीही चार कारणं सांगतो, तसं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग बायबलातल्या त्या पहिल्या दोन भावांपाशी यायचात.

पाळकसाहेब नसले की देवळात तुम्ही बोलायचात, आणि त्या भावांवर बोलताना त्यांची नावं कधी घेत नव्हता. थोरला आणि धाकटा. नावं घेतली की लोकांना वाटतं, दूरदेशीची माणसं आहेत, असं तुमचं म्हणणं. थोरला शेती करायचा, धाकटा मेंढरं राखायचा. देवाला धाकट्याचं अर्पण आवडलं, थोरल्याचं तोंड उतरलं. मग थोरल्याने धाकट्याला शेतात नेऊन मारलं. इथपर्यंत रविवारच्या शब्बाथशाळेतल्या पोरांनाही येतं. पुढचं तुम्हीच माझ्या ध्यानात आणून दिलंत. खून झाल्यावर देवाने 'का मारलंस' असं विचारलंच नाही. तुझा भाऊ कुठे आहे, हे विचारलं. काय केलंस, हे विचारलं. 'का' त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, थोरल्याचं तोंड उतरलेलं दिसलं तेव्हा. का रागावलास, का तोंड उतरलं?

"माणूस का मारतो हे खुनानंतर विचारून काई उपेग न्हाई," तुम्ही म्हणालात. "ते तोंड उतरल्यालं दिसलं की विचारायचं असतं. तेवढंच काम दिल्तं माणसाला."

मी अडून बसलो. म्हटलं, मामा, खुद्द देवाने विचारलं, तरी थोरल्याने उत्तर दिलं का? गप्प उठला आणि शेतात गेला. मग आपल्यासारख्याने विचारून काय होणार? तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी जालन्याला निघालो, गाडीला किक मारली, तेव्हा फाटकाशी येऊन म्हणालात, "पण विचारलं व्हतं ना." एवढंच. मी हसून गाडी काढली. वाद माझ्या बाजूने संपला असं मी धरून चाललो होतो.

गेल्या हिवाळ्यात आपण त्या रुंद बांधावर बसून हरभऱ्याचे डहाळे खात होतो. पानांवरच्या आंबट खाराने ओठ झोंबत होते. मी पुन्हा काहीतरी मैदानाचं बोललो असेन. तुम्ही हातातले घाटे खाली ठेवलेत.

"हा बांध मी कोरला," तुम्ही म्हणालात. "भास्करनं न्हाई. मन्यानं बी न्हाई. मी. दरसाल एक तास."

मला आधी कळलंच नाही. घरात मी ऐकलं होतं ते वेगळंच. भास्करने बांध खाल्ला आणि मग भावाला खाल्लं, याच वाक्यावर सुनीता लहानाची मोठी झाली. तुम्ही हाताने दाखवलंत. तास म्हणजे नांगराची एक ओळ, वीतभर रुंद. बांधाजवळ आलं की बैल थोडे पलीकडे दाबायचे, माती आपल्याकडे पडते. एका वर्षात कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कोरणाराच्याही येत नाही, असं तुम्ही म्हणालात. काही वर्षांनी हद्दीचा दगड तुमच्या रानात आला. भास्कर तो उपटून मूळच्या जागी रोवायला गेला, म्हणून त्याच्या हातात कुदळ होती. मनोहरकाका त्याला अडवायला धावले, कारण त्यांना खरोखर वाटत होतं की बांध सरळ आहे. थोरल्या भावाने, तुम्हीच, सांगितलं होतं त्यांना तसं. त्यांनी भास्करच्या आईवरून शिवी दिली. मग एकच घाव. त्यानंतर भास्कर पळाला नाही, मनोहरकाकांचं डोकं मांडीवर घेऊन लोक येईपर्यंत बसून राहिला.

मला वाटलं, संपलं. पण तुम्हाला खरं छळत होतं ते त्याआधीचं होतं. बांधापेक्षा थाळी. खुनाच्या आधीच्या ऐतवारी प्रभुभोजन होतं. तुम्ही मंडळीतले वडील, म्हणजे देवळाचे कारभारी, भाकरीची थाळी घेऊन रांगेरांगेने फिरत होता. भास्करपाशी आलात. त्याने हात पुढे केला नाही.

"आपल्यात काय असतं तुम्हाला ठाव हाय," तुम्ही म्हणालात. "मनात भावाविषयी काई असलं तर त्या भाकरीला हात लावायचा न्हाई, आदी जाऊन मिटवायचं. त्यानं लावला न्हाई. सच्चा माणूस व्हता तो. मन्यानं घेतली. मी तर आदीच घेतल्ती. त्याचं तोंड असं उतरल्यालं, मान खाली. मला समदं समजलं. अन् मी थांबलो न्हाई, बापू. थाळी पुढं नेली. खरं सांगू, बरं वाटलं मला. त्यानं वर बघितलं असतं तर मला बघावं लागलं असतं."

ज्याने भाकर घेतली नाही त्याच्या हातून खून झाला, आणि ज्याने बांध कोरला त्याच्या हातात थाळी होती. मामा, माझी दुकानातली चारही कारणं तिथे बोराटीत पडली. मी म्हणालो, पण मारलं तर त्यानेच. तुम्ही म्हणालात, हो, मारलं त्यानंच, ते त्याच्या माथी, त्यात मी वाटा मागत न्हाई. माझं वेगळं हाय. मातीनं तोंड उघडून मन्याचं रक्त पिलं, तुम्ही म्हणालात, ते तोंड मिटतच न्हाई, दरसाल थोडी जमीन टाकून पाह्यतो, तरी मिटत न्हाई. ते ऐकल्यापासून मला त्या हरळीवर पाय ठेवायची भीती वाटते. मी पाय वर घेतले होते, ते तुम्ही पाहिलंत.

मग ते काम सोपवलंत. सुनीताला सांगा, मी गेल्यावर. मी असताना नको, माझ्यानं तिच्या तोंडाकडं बघवणार न्हाई.

रागावू का तुमच्यावर? रागावतो. आयुष्यभर शांताकाकूंना सांभाळलंत, पाठच्या बहिणीसारखं. त्यांच्या ताटात आधी वाढल्याशिवाय तुम्ही जेवला नाहीत. आणि त्या बाईला एवढं एक वाक्य सांगितलं नाहीत. तुमच्या त्या सांभाळण्याकडे आता कसं बघू, हेच मला कळत नाही. प्रेम होतं, तेही खरं होतं, हे मी पाहिलंय. आणि माझ्या पोरांना तुम्ही बोट धरून चालायला शिकवलंत, ते याच हातांनी. माझी आई गेली तेव्हा दवाखान्यात कुणी काही विचारायच्या आधी तुम्ही येऊन म्हणाला होता, "बापू, तोंड का उतरलंय? बोला." तेव्हा वाटलं, नेहमीचं बोलणं आहे. आता कळतं, तुम्ही माणसामाणसाला गाठून ते विचारत फिरत होता. एकाला विचारायचं राहिलं म्हणून.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगतो. त्यासाठीच हा सगळा पसारा मांडला.

कब्रस्तानातून परतताना भास्करची पिशवी आणि चपला लिंबाखालीच राहिलेल्या दिसल्या. पिशवीत जेवणाचा डबा आणि टॉवेल. शांताकाकूंचं बोलणं कानात होतं, तरी दोन्ही घेऊन मी रस्त्यावर गेलो. तो जीपची वाट बघत बसला होता. मी माफी मागितली. म्हटलं, मला माहीत नव्हतं, तुम्हाला नको त्या जागी उभं केलं. तो म्हणाला, तुम्ही हाक मारली म्हणून आलो, न्हाईतर फाटकातूनच परत गेलो असतो. मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, मामांनी मला थाळीचं सांगितलंय. तुमच्यापुढून ते थांबले नाहीत, हे त्यांना शेवटपर्यंत खात होतं.

एक जीप आली, त्याने हात केला नाही, गेली.

"थांबला व्हता," तो म्हणाला. "थाळी माझ्या नाकापुढं थांबल्ती. त्याचे पाय दिसून राह्यले व्हते मला. मनात म्हणलं, आता हा काईतरी बोलंल. मीच वर पाह्यलं न्हाई. पाह्यलं असतं तर रडू आलं असतं, साऱ्या मंडळीत."

मामा, दोघांपैकी कोण बरोबर, मला माहीत नाही. तुम्ही म्हणता थांबला नाहीत, तो म्हणतो थांबलात. कदाचित तुरुंगात इतकी वर्षं त्याने तुम्हाला तिथे थांबवून धरलं असेल, आणि तुम्ही बांधावर बसून स्वतःला पुढे ढकलत राहिलात. मी दोघांच्या मध्ये, नेहमीसारखा, दुसऱ्याच वऱ्हाडात जेवायला बसलेला. एवढं मात्र कळतं की तुम्ही हे ऐकायला हवं होतं, आणि ते सांगणारा माणूस जाफराबादला होता, एसटीने जाता येईल एवढ्यावर. तुम्ही गेला नाहीत, तो आला नाही. थाळी तुम्हा दोघांच्या मध्ये तशीच राहिली.

काल दुपारी मी सुनीताला सांगितलं. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी माझ्या सवयीने सुरुवात केली, हिवाळ्यातलं ऊन, डहाळे, वगैरे. तिने वर न बघता म्हटलं, "सरळ सांगा." मग सरळ सांगितलं. बांध, तास, दगड, थाळी, भास्कर काय म्हणाला ते. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट काही न घालता सांगितली, आणि ती फारच लहान निघाली. सुनीताचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. सगळी जुडी संपली तरी ती रिकाम्या कागदावर बोटं फिरवत राहिली. तिने तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही, चांगला नाही की वाईट नाही. मला ते सहन होईना. मी म्हणालो, शांताकाकूंनाही सांगायला हवं, मी उद्याच गावी जातो, त्यांना नीट समजावून सांगतो, मामांना किती पश्चात्ताप होता तेही सांगतो.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी.

"काकूला मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका. तुम्ही असं सांगाल की ती ऐकता ऐकताच पप्पांना माफ करून बसेल. तिला आधी राग येऊ द्या."